ह्यांना विमान नको आणि लेक जर्मनीत

मागच्या अंकात रेल्वेने भूतानच्या वेशीपर्यंत जायचं लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. तीन निवडलीत. पहिल्याला उत्तर लांबलंय, सांभाळून घ्या.

प्रश्न: ताई, नमस्कार. मी साताऱ्याची, वय ६१, हे ६६, दोघंही रिटायर. लेक आणि जावई जर्मनीत लाइपझिगला असतात, नातू दीड वर्षाचा झाला तरी आम्ही त्याला फक्त व्हिडिओ कॉलवर बघितलाय. अडचण अशी की हे विमानात बसायलाच तयार नाहीत. एकदा दिल्लीला जाताना कान एवढा दुखला की रडायची वेळ आली, तेव्हापासून विमानाचं नाव काढलं की विषय बंद. डॉक्टर म्हणतात आता काही प्रॉब्लेम नाही, पण ऐकतंय कोण. हे म्हणतात पूर्वी लोक बसने लंडनला जायचे, मग आपण का नाही? आम्हाला वेळ भरपूर आहे. खरंच जाता येईल का?

उत्तर: काकू, तुमचे हे बोलतात ते खोटं नाहीये. १९५७ साली लंडनहून कोलकात्याला खरंच बस आली होती, नंतर सत्तरच्या दशकापर्यंत इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तानमार्गे कितीतरी गोरी पोरं यायची जायची. १९७९ ला इराणमध्ये क्रांती झाली, त्याच वर्षाअखेर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या आणि तो रस्ता बंद पडला तो पडलाच. आज तर अटारीपासूनच अडलंय, समझौता एक्सप्रेस २०१९ च्या ऑगस्टपासून नाही आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये, पहलगामच्या हल्ल्यानंतर, अटारीचा नाकाही बंद केला. पूर्वेला म्यानमारमधून जावं तर तिथे २०२१ पासून लष्कराची सत्ता आणि यादवी. थोडक्यात नकाशात आपण आशिया खंडाला चिकटलेलो दिसतो, पण पासपोर्ट हातात घेऊन निघालं की भारत म्हणजे बेट आहे हो. एक फट उरलीये, ती वर, नेपाळमधून तिबेट.

म्हणजे रूट असा होतो. पुण्याहून गोरखपूर, सुनौलीला सीमा ओलांडून काठमांडू, तिथून रसुवागढी–केरुंगचा नाका, मग ल्हासा, ल्हासाहून रेल्वेने शिनिंग, उरुम्ची, पुढे खोर्गोसला कझाकस्तानात, अल्माटी, कझाकस्तानचं पश्चिम टोक, रशियाचा दक्षिण कोपरा, लार्सच्या घाटातून जॉर्जिया, तुर्कस्तान, इस्तंबूल, सोफिया, बुडापेस्ट, प्राग, ड्रेस्डेन आणि मग तुमचा नातू. न थकता केलं तर पाच आठवडे, माझ्या मते सात धरा.

आता आधी कान. ह्यांना हे वाचून दाखवा. विमानाच्या केबिनमधला दाब जास्तीत जास्त आठ हजार फुटांवर असतो तेवढा विरळ ठेवतात, म्हणजे साधारण २४०० मीटर. ल्हासा आहे ३६५० मीटरवर आणि ल्हासाची रेल्वे तांगुला खिंडीतून ५०७२ मीटरवरून जाते, त्या डब्यांत ऑक्सिजनची सोय करून ठेवलीये ती काय हौस म्हणून नाही. कानाला त्रास होतो तो दाब पटकन बदलल्याने, रस्त्याने हळूहळू चढलात तर कान बहुतेक कुरकुर करणार नाही. पण हृदय, फुप्फुस, बीपी यांचं काही असेल तर विमान परवडलं पण तिबेट नको. तेव्हा डॉक्टरांना "विमान चालेल का" एवढंच विचारू नका, "पाच हजार मीटर चालेल का" असं विचारा. ते नाही म्हणाले तर जमिनीवरचा पूर्ण रस्ता संपला, मग मी भांडण लावून देते असं समजा, पण दिल्ली–अल्माटी हा साडेतीन-चार तासांचा एकच विमानप्रवास ह्यांच्या गळी उतरवा आणि पुढे रेल्वेने जा.

डॉक्टर हो म्हणाले तर पुढचं. इथे सगळे एकच चूक करतात, नकाशा घेऊन बसतात आणि घरापासून सुरुवात करतात. उलटं करायचं. आधी शेवटचा दरवाजा, म्हणजे शेंगेन व्हिसा, जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा. तो प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी मागता येतो, त्याआधी नाही. आणि तो पासपोर्टवर आला की वाटेतले दोन दरवाजे आपोआप सोपे होतात, वैध शेंगेन व्हिसा असला की जॉर्जियात भारतीयांना वेगळा व्हिसा लागत नाही आणि तुर्कस्तानचा ई-व्हिसा ऑनलाइन निघतो. यातली मेख अशी की व्हिसा त्या दिवशी जिवंत पाहिजे. जाताना असतो हो, येताना? लेकीकडे दोन महिने राहिलात आणि परतताना इस्तंबूलला पोचेपर्यंत व्हिसाची मुदत संपली तर अडकलात. म्हणून अर्जाबरोबर सविस्तर पत्र जोडा, आम्ही जमिनीवरून येतोय, जमिनीवरूनच परत जाणार, म्हणून मुदत जास्त आणि एंट्री एकापेक्षा जास्त हवी. विमानाचं बुकिंग नसल्याने काउंटरवरची मुलगी दोनदा विचारेल, घाबरू नका, दिवसागणिक कार्यक्रम छापून द्या. विमा निदान ३०,००० युरोचा लागतोच, पण तो फक्त शेंगेनपुरता नको, चीनपासून सगळ्या वाटेचा घ्या आणि पॉलिसीत रशिया वगळलाय का ते बारीक अक्षरात वाचा.

दुसरा रशियाचा. ई-व्हिसा भारतीयांना २०२३ च्या ऑगस्टपासून मिळतो, मात्र तो ठरलेल्या नाक्यांवरच चालतो, तुमचे आत जायचे आणि बाहेर पडायचे दोन्ही नाके यादीत आहेत का बघा. रशिया टाळता आला असता तर मी आनंदाने टाळला असता, युद्ध चालू असलेल्या देशात म्हाताऱ्या माणसांना पाठवायला मला आवडत नाही. पण जुन्या लेखांमध्ये जो दुसरा रस्ता देतात, कझाकस्तानातल्या अक्ताऊहून कॅस्पियन समुद्र बोटीने ओलांडून अझरबैजानमधलं बाकू, त्यात गोची आहे. अझरबैजानने २०२० च्या मार्चमध्ये जमिनीवरच्या सीमा प्रवाशांसाठी बंद केल्या आणि मग मुदतवाढीवर मुदतवाढ. शिवाय ती बोट मालाची, टाइमटेबल नावाचा प्रकार नाही, बंदरात तीन-चार दिवस बसून राहायचं.

तिसरा चीन-तिबेट. तुमच्या ओळखीत कुणी ना कुणी नेपाळमार्गे कैलास मानसरोवर करून आलेलं असेलच, त्यांना फोन लावा, कारण काम तसंच आहे. तिबेटमध्ये परवान्याशिवाय आणि गाइडशिवाय हिंडता येत नाही, काठमांडूची एजन्सी सगळं करते आणि बहुतेक वेळा ग्रुप व्हिसा काढते. इथे आमची स्वतःची फजिती सांगते. एजंट फोनवर "हो हो, आगे जा सकते हैं" म्हणाला, आम्ही निवांत. व्हिसा हातात आला तेव्हा कळलं की कागद पाच जणांचा एकच आणि मुदत ल्हासाहून परत यायच्या दिवसापुरती. आम्हाला पुढे शिनिंगला जायचं होतं, बाकी तिघं परतणार होते. काठमांडूत आठ दिवस ज्यादा गेले, थामेलमधल्या त्या हॉटेलवाल्याला आमच्या चहाची वेळ पाठ झाली. तेव्हा "आम्ही दोघं गटातून सुटून चीनमध्ये पुढे जाणार, तेवढी मुदत आणि वेगळा कागद पाहिजे" हे लेखी घ्या, पैसे नंतर द्या. आणि नेपाळमधून तिसऱ्या देशात जायला एनओसी लागते का हे आपल्या तिथल्या दूतावासात विचारून ठेवा.

कधी निघायचं? तिबेट फेब्रुवारीअखेर ते मार्च परदेशी लोकांना साधारण बंद असतं. पावसाळ्यात केरुंगच्या वाटेवर दरडी पडतात, २०२५ च्या जुलैत पुराने रसुवागढीचा पूलच वाहून नेला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अख्खा चीन सुट्टीवर असतो, रेल्वेचं तिकीट मिळणं मुश्कील. मग उरला एप्रिल, गुढीपाडवा घरी करा आणि पंधरवड्याने निघा.

पैशाचं दोन ओळीत. रशियात आपली व्हिसा-मास्टरकार्डची कार्डं २०२२ च्या मार्चपासून चालत नाहीत, तेवढ्या दिवसांचे डॉलर किंवा युरो रोख ठेवा, नोटा कोऱ्या, घडी नसलेल्या. चीनमध्ये रोख कुणाला नको असते, अलीपे हे पैसे द्यायचं ॲप फोनमध्ये टाकून कार्ड जोडून घ्या, इथेच, घरी, लेकीला व्हिडिओ कॉल लावून. आणि हो, चीनमध्ये व्हॉट्सॲप बंद असतं, भारतातलं सिम रोमिंगवर ठेवलंत तर साधारण चालतं, नाहीतर लेक तिकडे जीव टांगणीला लावून बसेल.

आता गंमतीचा भाग. कझाकस्तानच्या गाड्यांत प्रत्येक डब्याच्या टोकाला गरम पाण्याचा टाकीसारखा सामोवार असतो, आपल्याकडचा अंघोळीचा बंब डोळ्यापुढे आणा, डिट्टो तो. चोवीस तास उकळतं पाणी फुकट. मी अल्माटीहून पश्चिमेला दोन दिवसांच्या वर त्या गाडीत होते, खिडकीबाहेर नुसतं गवत, सकाळी उठलं तरी तेच गवत, मध्येच एक उंट. पातळ पोहे, शेंगदाणे, मेतकूट, डाळीची पूड, सूपची पाकिटं एवढ्यावर आरामात निघालं. समोरच्या बर्थवरच्या आजींना मेतकूट-भात दिला तर त्यांनी बदल्यात वाळवलेल्या दह्याचे खारट गोळे दिले, एक खाल्ला, बाकीचे अजून घरात आहेत. कुपे म्हणजे चार बर्थचा बंद कप्पा, तुम्ही तोच घ्या, दोन्ही खालचे बर्थ मागा. गुडघे.

लेकीसाठी काय न्यायचं हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण मनात आहेच. साजूक तूप आणि पेढे नेऊ नका. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, आणि तुम्ही शिरणार बल्गेरियाच्या सीमेवर, मध्यरात्री, कारण इस्तंबूल–सोफिया गाडी कापिकुले या सीमेवरच्या स्टेशनात सगळ्यांना सामानासकट खाली उतरवते. त्या थंडीत बरणीसाठी वाद घालायची ताकद नसते. गोडा मसाला, पापड, कुरडया खुशाल न्या. ह्यांच्या औषधांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासकट घ्या, आणि कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेली कुठलीही गोळी, खोकल्याचं औषधसुद्धा, बरोबर ठेवू नका, जॉर्जियात आणि रशियात त्यावरून भलतंच प्रकरण होऊ शकतं.

एक शेवटचं, इस्तंबूलला मारमाराय लोकलमध्ये बसा. आशियातून युरोपात समुद्राखालून चार मिनिटांत, तिकीट लोकलचंच. ह्यांच्या कानाला कळणारपण नाही.

प्रश्न: ताई, मी रत्नागिरीचा, वय २४. आजोबा बोटीने दुबईला जायचे म्हणे. न्हावाशेवाहून एखाद्या कंटेनर जहाजावर पैसे देऊन युरोपला जाता येईल का? काम करायलाही तयार आहे.

उत्तर: आजोबा बरोबर सांगतात. मुंबई-आखात प्रवासी बोट खरंच होती, त्यातली शेवटची द्वारका १९८२ ला थांबली, कोकणातल्या किती घरांचे चिरे त्या बोटीच्या पगारावर चढलेत. पण त्यानंतर नियमित काही नाही. मालवाहू जहाजांवर दोन-चार प्रवासी घ्यायची पद्धत कोविडपर्यंत होती, २०२० ला बहुतेक कंपन्यांनी बंद केली. त्यात २०२३ च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात हूथींचे हल्ले सुरू झाल्यावर बरीच जहाजं सुएझ सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालायला लागली, म्हणजे दहा-बारा दिवस जास्त. १८६९ ला सुएझ उघडायच्या आधी जसं जायचे तसं, बघा.

"काम करायला तयार" हे वाक्य मात्र कुणाला बोलू नकोस. सीडीसी (खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक) आणि कोर्सेसशिवाय कुणी जहाजावर घेत नाही, आणि "दोन लाख द्या, चढवतो" म्हणणारे एजंट याच वाक्याची वाट बघत असतात. खरंच समुद्रावर जायचं असेल तर डीजी शिपिंग या सरकारी खात्याची मान्यता असलेल्या संस्थेतून जीपी रेटिंगचा, म्हणजे खलाशी व्हायचा, कोर्स कर, तो रस्ता लांब आहे पण सरळ आहे. नुसतं फिरायचं असेल तर नागपट्टणमहून श्रीलंकेतल्या कांकेसंथुराईला बोट जाते, ऑक्टोबर २०२३ ला सुरू झाली, मध्ये बंद पडून परत चालू झाली. उलटी होते का आपल्याला, हे तिच्यावर स्वस्तात कळेल. आणि पूर्वी बोटीला किती दिवस लागायचे बघ, आनंदीबाई जोशी १८८३ ला ७ एप्रिलला कोलकात्याहून निघाल्या त्या ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या, जवळजवळ दोन महिने, वय अठरा.

प्रश्न: मी न्यू जर्सीत, माझे बाबा सध्या भावाकडे लंडनला आहेत. त्यांनाही विमान नको म्हणतात. लंडनहून इकडे बोट असते का?

उत्तर: तुमचं सगळ्यात सोपं. साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला क्वीन मेरी २ जाते, बहुतेक फेऱ्या सात रात्रींच्या. पश्चिमेला जाताना घड्याळ वाटेत एकेक तास मागे घेतात, म्हणजे काही दिवस पंचवीस तासांचे, जेटलॅग शून्य, बाबा उतरल्यावर दुपारी दोनला झोपणार नाहीत. हिवाळ्यात अटलांटिक खवळलेला असतो, मे ते सप्टेंबर बघा, आणि खोली जहाजाच्या मधोमध, खालच्या मजल्यावरची घ्या, तिथे हलणं कमी जाणवतं. अमेरिकेचा व्हिसा आधीच लागेल, तो विमानाला लागतो तोच. जेवणात शाकाहारी हवं हे बुकिंग करतानाच लिहून द्या, आणि लोणच्याची छोटी बाटली जहाजावरच संपवायला सांगा.