ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये एपीआय की (स्क्रिप्टने सर्व्हरला ओळख पटवायची गुप्त अक्षरं) डेटाबेसमध्ये उघड्या साठवल्या आहेत. जेडब्ल्यूटीवर जावं का?

एवढ्यासाठी जेडब्ल्यूटीवर, म्हणजे सर्व्हरने सही केलेल्या आणि स्वतःतच माहिती बाळगणाऱ्या टोकनवर, जाऊ नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून प्रत्येक युजरला एकच की आहे, ती टेबलमध्ये जशीच्या तशी आहे आणि यूआरएलमधून पाठवली जाते. हे तिन्ही दोष जेडब्ल्यूटीशिवाय निघतात. उलट जेडब्ल्यूटी मुदतीआधी रद्द करायचा तर सर्व्हरवर यादी ठेवावीच लागते, म्हणजे डेटाबेस काही सुटत नाही.

आधी साठवणीचं बघा. टोकन (म्हणजे नवी की) युजरला एकदाच दाखवा आणि टेबलमध्ये फक्त त्याचा हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ टोकन परत काढता येत नाही असा ठसा, ठेवा. आमच्या प्रोजेक्टमध्ये मी हा बदल पाठवला तेव्हा रिव्ह्यूमध्ये लगेच विचारणा झाली, पासवर्डसाठी वापरतात ते बीक्रिप्ट हॅशिंग का नाही? बीक्रिप्ट मुद्दाम संथ केलेलं आहे, कारण माणसांनी निवडलेले पासवर्ड अंदाजाने सापडतात. पायथॉनच्या सीक्रेट्स मॉड्यूलने काढलेले ३२ रँडम बाइट म्हणजे २५६ बिट; तिथे अंदाज चालतच नाही. त्यामुळे साधा, वेगवान एसएचए-२५६ हॅश पुरतो. शिवाय त्या हॅशवर इंडेक्स लावून नेमकी ओळ शोधता येते. बीक्रिप्टमध्ये प्रत्येक नोंदीचा सॉल्ट (हॅशमध्ये मिसळलेला रँडम भाग) वेगळा, तिथे हे जमत नाही.

टोकनच्या सुरुवातीला प्रोजेक्टची ओळख पटवणारी अक्षरं जोडा. गिटहबने २०२१ मध्ये तेच केलं. ओपन सोर्समध्ये तर हे फारच गरजेचं आहे, कारण लोक इश्यूमध्ये (सार्वजनिक तक्रार नोंदीत) अख्खा लॉग चिकटवतात आणि त्यातलं टोकन फुटलेल्या की शोधणाऱ्या स्कॅनरला ओळखता आलं पाहिजे.

यूआरएलमधली की सर्व्हरच्या लॉगमध्ये आणि प्रॉक्सीत उरते, म्हणून ती ऑथरायझेशन हेडरमध्ये (रिक्वेस्टसोबत ओळख पाठवायच्या वेगळ्या भागात) न्या. एका युजरला अनेक टोकन काढू द्या. प्रत्येकाला नाव, मुदत, परवानग्या आणि शेवटचा वापर कधी झाला त्याची नोंद. एक फुटलं तर तेवढंच रद्द होतं, बाकीच्या स्क्रिप्ट चालू राहतात.

जुन्या की एका रात्रीत बंद करू नका, तुमच्यावर विसंबलेले लोक अडकतील. डेटाबेसची रचना बदलणाऱ्या मायग्रेशनमध्येच त्यांचे हॅश करून मूळ कॉलम काढून टाका. कोणाची स्क्रिप्ट मोडत नाही. यूआरएलचा मार्ग पुढच्या मोठ्या आवृत्तीपर्यंत ठेवा, रिस्पॉन्समध्ये इशारा देऊन. मात्र जुन्या बॅकअपमध्ये त्या की अजून उघड्याच असतात. त्यामुळे रिलीज नोट्समध्ये सर्वांत वर, ठळकपणे, नवीन टोकन काढायला सांगा आणि जुन्या कीची शेवटची तारीख जाहीर करा.