सासूबाईंचा माळा सध्या राहू द्या

प्रश्न : ठाण्यात दोन खोल्यांत आम्ही पाच माणसं राहतो. माळ्यावर सासूबाईंची पितळी भांडी, कपाटात साड्या, ओट्यावर डबेच डबे. दिवाळीच्या साफसफाईत मी त्यांना न विचारता तीन पोती भंगारवाल्याला दिली. तेव्हापासून त्या माझ्याशी धड बोलत नाहीत, आणि घर पुन्हा होतं तसंच भरलंय. काय करू?
– माळ्याखालची

उत्तर : ताई, न विचारता दिलंत तिथेच बिनसलं. आधी माफी मागा, आणि तिला ‘पण’ची शेपटी जोडू नका. मग महिनाभर माळ्याचं नाव काढायचं नाही. सुरुवात तुमच्या स्वतःच्या कपाटापासून.

एका वेळी एकच कप्पा, पाऊण तास, तोही सकाळी. संध्याकाळी अख्खं कपाट पलंगावर ओतलं की रात्री झोपायला जागा नसते, मग सगळं कोंबून परत आत जातं. नवे खोके, ऑर्गनायझर आत्ता मुळीच आणू नका. पसारा सुबक दिसतो, कमी होत नाही. स्वयंपाकघरात प्रत्येक डब्याला झाकण लावून बघा. बिनझाकणाचे डबे पहिले बाहेर.

काय कुणाला द्यायचं, हे पिशवी भरण्याआधी ठरवा. ‘कुणाला तरी देऊ’ म्हणून भरलेल्या पिशव्या दारामागे सहा महिने पडून राहतात. बोहारणीला कपडे देणार असाल तर लक्षात ठेवा, त्या बदल्यात नवं पातेलं घरात येणार! सुती साड्यांची गोधडी शिवून घ्या. एका गोधडीला साधारण तीन-चार साड्या लागतात. सिंथेटिक साड्या त्यात नकोत, आणि जरीचे काठ आधी काढा, ते अंगाला टोचतात. ठेवायच्या पैठण्या मलमलच्या कापडात गुंडाळा आणि दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, नाहीतर जरीची तार घडीवरच तुटते. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका.

कागदांत घराचा करारनामा, इंडेक्स टू (म्हणजे घराच्या नोंदणीचा उतारा) आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट कायम जपायचं. भरलेली वीजबिलं वर्षभरानंतर रद्दीत. गॅरंटीच्या गुळगुळीत पावत्यांवरची शाई उडते, त्यांची झेरॉक्स काढा.

आता माळा. तुमचं कपाट रिकामं झालेलं सासूबाईंना दिसलं की त्यांनाच विचारा, ‘यातलं कुठलं भांडं वापरात काढू या?’ एखादं पातेलं कल्हई करून रोजच्या भाताला घ्या. कल्हई नसेल तर त्यात आंबट काही करू नका, कळकतं. बाकीचं एकेक खाली काढून त्यांच्या पुढ्यात ठेवा. कुठलं लेकीला, कुठलं नातीला, हे त्याच सांगतील. मोडीत काय घालायचं तेही त्याच ठरवतील. तसं ठरलं तर तांबं आणि पितळ वेगळं करा, कारण तांब्याचा भाव जास्त असतो, आणि वजन घरीच करून ठेवा. लोखंडी कड्या, डाग देऊन जोडलेले सांधे यांची वजनातून घट धरली जाते. ती किती, हे काटा लावण्याआधीच विचारा. त्यांनी ‘राहू दे’ म्हटलेलं भांडं परत वर. यात वर्ष गेलं तरी चालेल.

आणि आत येणारी वाट अडवा. घरात बरंच प्लास्टिक येतं ते हळदीकुंकवाच्या वाणातून. या संक्रांतीला तुम्ही साबण, गूळ, वाती असं संपणारं काहीतरी लुटा, आणि मैत्रिणींनाही आधीच तसं सांगून ठेवा.