वाचकांचे प्रश्न : पुढच्या चाकातली घरघर

प्रश्न : माझ्याकडे २००८ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर आरटीओतून नोंदणीचे नूतनीकरण करून घेतले असून इंजिन अजून उत्तम आहे. गेल्या पावसाळ्यापासून मात्र ताशी ४५-५० किलोमीटरच्या पुढे समोरच्या बाजूने ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो आणि वेगाबरोबर तो वाढत जातो. एक मेकॅनिक टायर बदलायला सांगतो, दुसरा दोन्ही चाकांची बेअरिंग गेली असे म्हणतो, तर तिसरा तूर्त ग्रीस भरून देतो म्हणतो. गणपतीला कुटुंबासह पुण्याहून ताम्हिणी घाटाने श्रीवर्धनला जायचे आहे. तोपर्यंत गाडी अशीच वापरावी का? आणि बेअरिंग जागच्या जागी ठोकून बसवणे योग्य आहे का? — एक वाचक, पुणे

उत्तर : या अवस्थेत गाडी घाटात नेऊ नका. आवाज टायरचा आहे की बेअरिंगचा, हे नक्की होईपर्यंत आणि बेअरिंगचा असल्यास दुरुस्ती होईपर्यंत प्रवास पुढे ढकला किंवा दुसऱ्या वाहनाने जा.

आपल्यासारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत चाकाचा हब, म्हणजे चाक ज्यावर बोल्टने बसते तो मधला भाग, बेअरिंगच्या आधाराने फिरतो आणि ते बेअरिंग नकलमध्ये, म्हणजे हबला धरून ठेवणाऱ्या आणि स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या धातूच्या भागात, दाबून बसवलेले असते. आतल्या गोळ्या ज्या कड्यांवरून धावतात त्यांच्या पृष्ठभागाचे कण निघू लागले, की प्रत्येक गोळी त्या खड्ड्यावरून जाताना धक्का बसतो आणि वेगात या धक्क्यांचा सलग घुमणारा आवाज होतो. सुरुवातीला केवळ आवाज असतो. पुढे हबला मोकळीक येते, त्याच्यासोबत ब्रेकची डिस्क डगमगते आणि ती पॅडना मागे ढकलत राहते, त्यामुळे ब्रेकचे पेडल पहिल्या दाबाला नेहमीपेक्षा खोल जाते. लांब उतारावर, गाडीत चार-पाच माणसे असताना हे घडणे किती घातक आहे, हे वेगळे सांगायला नको. शेवटच्या अवस्थेत बेअरिंग तापते, ग्रीस वितळून बाहेर पडते आणि चाक जाम होऊ शकते. ती अवस्था नेमकी केव्हा येईल याचा अंदाज आवाजावरून बांधता येत नाही, म्हणूनच ‘अजून थोडे दिवस चालेल’ या आश्वासनावर मी कोणालाही विसंबू देणार नाही.

आता निदानाबद्दल. मोकळ्या, सपाट रस्त्यावर ठरावीक वेग धरा आणि क्लच दाबून इंजिनचे फेरे कमी होऊ द्या. आवाज तसाच राहिला तर तो इंजिनचा नाही, चाकांकडचा आहे. मग गुळगुळीत डांबरी रस्ता आणि काँक्रीटचा रस्ता या दोन्हींवर ऐका. रस्ता बदलताच आवाजाची जात बदलत असेल, तर टायरवर संशय घ्यावा. टायरच्या पृष्ठभागावरून तळहात हळूच दोन्ही दिशांनी फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने खवल्यांसारखे लागले, तर झीज असमान आहे. अशा वेळी पुढचे-मागचे टायर आपापल्या बाजूला अदलाबदल करून पाहा. आवाज मागे गेला तर दोष टायरचा, पुढेच राहिला तर बेअरिंगचा. हे काम कोणताही टायरवाला थोड्या वेळात करून देतो, आणि त्याआधी एक रुपयाचाही सुटा भाग विकत घेऊ नये असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

कोणत्या बाजूचे बेअरिंग, हे वळणावर बहुधा कळते. गाडी डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर उजवे, उजवीकडे वळताना वाढला तर डावे. मात्र कधीकधी ही खूण फसवते, म्हणून चाक उचलून खात्री करावी. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना अडण लावून आणि केवळ जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवलेली असावी. चाकाला वर आणि खाली धरून हलवा. ‘टक्’ असा झोल जाणवला, तर दुसऱ्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगा. ब्रेक दाबताच झोल नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा. तरीही राहिला तर बॉल जॉइंट (नकलला सस्पेन्शनशी जोडणारा गोल सांधा) किंवा सस्पेन्शनच्या इतर सांध्यांकडे पाहावे लागेल. झोल नसला तरी बेअरिंग निर्दोष ठरत नाही. एक हात कॉइल स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवा. खराब बेअरिंगची बारीक थरथर स्प्रिंगमधून बोटांना स्पष्ट लागते आणि दुसऱ्या बाजूची स्प्रिंग लागलीच तपासली तर फरक समजतो. थरथर एकाच बाजूला असेल, तर दोन्ही बेअरिंग बदलण्याचे कारण नाही. खराब झालेले एकच बदलावे.

ग्रीस भरून देण्याच्या सल्ल्याला अर्थ नाही. हे बेअरिंग दोन्ही बाजूंनी सील केलेले असते आणि आयुष्यभराचे ग्रीस कारखान्यातच भरलेले असते. सील उचकटून नवे ग्रीस कोंबले, तरी कड्यांवर पडलेले खड्डे भरून निघत नाहीत. उलट फाटलेल्या सीलमधून पाणी शिरते. पावसाळ्यानंतर अशा तक्रारी वाढण्याचे कारणही पाणीच आहे. ब्रेकमुळे तापलेला हब साचलेल्या पाण्यात बुडाला, की आतली हवा थंड होऊन आकुंचन पावते आणि जुन्या सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. पुढे गंज धरतो. पाण्यातून जावेच लागले तर हळू जावे. जादा भाराचाही विचार करा : बॉल बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणजे भार दुप्पट झाला तर आयुष्य आठव्या हिश्शावर येते.

ठोकून बसवण्याला माझा ठाम विरोध आहे. नवे बेअरिंग नकलमध्ये दाबताना जोर फक्त बाहेरच्या कड्यावर यायला हवा आणि हब दाबून बसवताना आतल्या कड्याला खालून आधार हवा. हातोड्याने मारले की धक्का एका कड्याकडून दुसऱ्या कड्याकडे गोळ्यांमधून जातो आणि कड्यांवर बारीक खाचा पडतात. नवे बेअरिंग पहिल्या दिवसापासूनच कुरकुरू लागते आणि दोष मात्र सुट्या भागाला दिला जातो. नकल उतरवून हायड्रॉलिक प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये न्यावी. जुन्या बेअरिंगचे आतले कडे बहुतेक वेळा हबवर अडकून राहते. ते पुलरने काढून हबचा दांडा नखाने तपासा. ओरखडा किंवा पायरी लागली तर हबही बदलावा. सर्कलिप (बेअरिंग जागेवर अडवून धरणारी स्प्रिंगची कडी) असल्यास नवी घालावी.

ॲक्सलचा नट अंदाजाने आवळू देऊ नका. तो नवा घ्या आणि आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील मापाने टॉर्क पान्याने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळून घ्या, कारण बेअरिंगची दोन्ही अंतर्गत कडी योग्य दाबात धरण्याचे काम तोच करतो. नट सैल असताना गाडीचे वजन त्या चाकावर येऊ देऊ नये. स्ट्रटचे (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरच्या जोडभागाचे) बोल्ट सोडले असतील तर शेवटी व्हील अलाइनमेंट करून घ्यावे.

बेअरिंग खरेदी करताना नामांकित कंपनीचे, अधिकृत विक्रेत्याकडून, पक्क्या बिलावर घ्या. खोक्यावरील आणि कड्यावर कोरलेला क्रमांक जुळतो का ते स्वतः पाहा. गाडीत एबीएस (ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर काही बेअरिंगच्या एका सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते. ती बाजू सेन्सरकडेच यायला हवी.

प्रश्न : आमच्या जुन्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या जीपचे पुढचे चाक डगमगते. मेकॅनिक नुसता नट आवळून देतो. ते पुरेसे आहे का? — एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या जीपमध्ये निमुळत्या रोलरची बेअरिंग असतील तर त्यांना नट आवळून झोल काढण्याची सोय आहे, परंतु आधी हब उघडून रोलर पाहिल्याशिवाय तसे करू नये. रोलर निळसर पडले असतील किंवा कड्यावर खड्डे असतील, तर आतली आणि बाहेरची कडी जोडीनेच बदलावीत. चांगली असतील तर केरोसिनने धुऊन, पूर्ण वाळवून, तळहातावर ग्रीस घेऊन ते रोलरमध्ये आरपार भरावे आणि ग्रीस सीलही नवे घालावे. नट आवळताना चाक फिरवत राहा, मग नट सैल करून पुन्हा हलकेच बसवा. अशा बेअरिंगना किंचित मोकळीक लागते. करकचून आवळली तर ती तापून जळतात. कॉटर पिन (नट सैल होऊ नये म्हणून घालायची दुमडती पिन) जुनी वापरू नका, आणि काही किलोमीटर चालवून झाल्यावर हबला हात लावून दोन्ही बाजूंची उष्णता सारखी आहे ना, याची खात्री करून घ्या.