महत्त्वाकांक्षा म्हणजे ‘मोठी इच्छा’ नव्हे

प्रश्न असा आहे : ‘महत्त्वाकांक्षा’ म्हणजे मोठी इच्छाच ना? आणि ‘अँबिशन’चा तो नेमका प्रतिशब्द मानायचा का?

पहिल्याचं उत्तर, नाही. मोठी आकांक्षा म्हणायचं असतं तर समास ‘महाकांक्षा’ असा झाला असता. विशेषण होऊन पुढे येताना ‘महत्’चं ‘महा’ होतं, जसं महापुरुष, महासागर. इथे ‘महत्त्व’ आहे, म्हणजे मोठेपण. त्या मोठेपणाची आकांक्षा ती महत्त्वाकांक्षा. घोटाळा होतो तो समास सोडवताना. ‘महत्त्वाची आकांक्षा’ असं म्हटलं की आपल्याला ‘महत्त्वाचं काम’, ‘महत्त्वाची सूचना’ आठवते. मोठेपण हा ‘महत्त्व’चा जुना अर्थ बोलण्यात मागे पडला, या समासात मात्र तो टिकून आहे. (आणि लिहिताना दोन त हवेतच : एक ‘महत्’चा, एक ‘त्व’चा.)

माझा जीव जडला आहे तो ‘आकांक्षा’ या भागावर. न्यायशास्त्रात, म्हणजे कायद्यात नव्हे, तर भारतीय तर्कशास्त्रात, ही पारिभाषिक संज्ञा आहे. वाक्याचा अर्थ लागायला आकांक्षा, योग्यता (शब्दांचे अर्थ एकमेकांशी जुळणं) आणि संनिधी (शब्द लागोपाठ येणं) लागतात, असं ते सांगतं. ‘आण’ एवढंच ऐकलं की मन विचारतं, काय? ‘पाणी’ हा शब्द आला की ते निवतं. एका शब्दाला दुसऱ्याची वाट पाहायला लावणारं हे अपुरेपण म्हणजे आकांक्षा. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या न्यायशास्त्रावरच्या ग्रंथात गाय, घोडा, माणूस, हत्ती असे शब्द नुसते एकापुढे एक ठेवले आहेत, त्यांना एकमेकांची गरजच नाही, म्हणून त्यांचं वाक्य होत नाही. हे वाचल्यापासून महत्त्वाकांक्षी माणूस मला क्रियापदासाठी अडून राहिलेल्या वाक्यासारखा वाटतो.

‘अँबिशन’चा उगम मनात नाही, पायांत आहे. लॅटिनमधल्या मूळ क्रियापदाचा अर्थ सभोवार फिरणे. प्राचीन रोममध्ये पदासाठी उभा राहिलेला माणूस खडूने पांढराशुभ्र केलेला टोगा घालून मतं मागत हिंडे. त्या हिंडण्यावरून ‘अँबिशन’ आला, त्या शुभ्र वस्त्रावरून ‘कँडिडेट’. ‘अँबितुस’ हे त्याच क्रियापदापासून झालेलं नाम तर मतांसाठी लाच देण्याच्या गुन्ह्यालाच चिकटलं; इ.स.पूर्व ६३ मध्ये रोमन राजकारणी सिसेरोने केलेल्या कायद्यात त्यासाठी १० वर्षांची हद्दपारी होती. मराठीत निवडणुकीला उभा राहतो तो ‘उमेदवार’. हा शब्द फारसीतून आला, अर्थ आशा बाळगणारा. लॅटिनने त्याची पायपीट पाहिली, फारसीने त्याच्या मनातली आशा.

आता दुसरा प्रश्न. माणसाबद्दल बोलताना हा प्रतिशब्द बिनदिक्कत वापरावा. ‘महत्त्वाकांक्षी प्रकल्प’ मात्र मला खटकतो. मोठेपण हवं असतं ते माणसाला, पुलाला किंवा धरणाला नव्हे. तिथे ‘भव्य’ किंवा ‘धाडसी’ म्हणावं. आणि ‘त्याला काही अँबिशनच नाही’ असं एखाद्या मुलाबद्दल म्हणताना बहुतेकदा मोठेपणाचा संबंधच नसतो. तिथे आपला शब्द ‘जिद्द’. अरबीत याचा अर्थ विरुद्ध, उलट. हिंदीत तो हट्ट झाला. मराठीने त्याच हट्टाला चिकाटीची जोड देऊन त्याचा गुण केला. ‘त्याच्यात जिद्द नाही’ म्हटलं की जे सांगायचं ते नेमकं पोचतं.