चाकावरची ४ मिनिटं

प्रिय मुली,

तुझं पत्र आणि सोबतचा दरतक्ता, दोन्ही पाहिलं. कारागीर संघाच्या प्रदर्शनात पहिल्या दिवशी तुझे मातीचे दोनच कप गेले, शेजारच्या गाळ्यावर गर्दी होती, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तू चिठ्ठ्या बदलून दर उतरवलास. आता विचारतेस, पुढच्या खेपेला आधीच स्वस्त लावू का. कप चांगले आहेत हे तुलाही ठाऊक आहे, त्यावर शब्द खर्च करत नाही. दर कामाचा वेळ लिहिलेल्या वहीतून येतो. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून येत नाही, शेजारच्या गाळ्यावरून येत नाही आणि दुपारच्या शुकशुकाटावरून तर मुळीच येत नाही.

तुझ्या तक्त्यात एका कपाला ४ मिनिटं धरली आहेत. ती चाकावरची झाली. उरलेला कप कुणी केला?

४० कपांची एक खेप धर. माती मळून, तोलून गोळे करायला ६० मिनिटं. चाकावर १६०. कप हाताला चामड्यासारखे लागू लागले की बुडं छिलायला प्रत्येकी ३, म्हणजे १२०. कान ओढायचे, जोडाच्या जागी ओरखडे पाडायचे, पातळ माती लावून बसवायचे, प्रत्येकी ५, म्हणजे २००. पहिल्या भाजणीला भट्टी लावायला ४५. बुडाला मेण, मग ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, मग पुसापुशी, १२०. दुसऱ्यांदा भट्टी लावायला ६०, माल काढून बुडं घासायला ६०, चिठ्ठ्या आणि बांधाबांध ६०. बेरीज ८८५, म्हणजे कपामागे २२ मिनिटं. त्यात ६ कप वाया गेले, विकण्याजोगे ३४ उरले, की कपामागे २६. तू ४ धरलीस, लागली २६. तुझा तोटा इथे आहे. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुझे वेगळे निघतील, पण ते घड्याळ लावून निघायला हवेत, अंदाजाने नाही.

वाया गेलेल्या कपांनाही वहीत रकाना हवा, आणि त्यात कारण लिहिलेलं हवं. नुसतं ‘फुटला’ लिहून काही कळत नाही. बुडाला वळणदार चीर गेली असेल, तर चाकावर बूड नीट दाबलं गेलं नाही किंवा आत पाणी साचून राहिलं. कानाच्या मुळाशी चीर असेल, तर कप जास्त वाळला होता आणि कान ओला होता. दोघांचा ओलावा सारखा हवा, आणि जोडल्यावर एक दिवस प्लॅस्टिकखाली सावकाश वाळवायचं. ग्लेझ गोळा होऊन माती उघडी पडली, तर बहुधा भाजलेल्या कपावर धूळ होती, हाताचं तेल होतं किंवा थर जाड झाला. कप भट्टीतल्या फळीला चिकटला, तर ग्लेझ बुडापर्यंत आणलंस; ओघळणारं ग्लेझ बुडाच्या ५ ते ६ मिलिमीटर वर थांबवायचं. या सहा कपांची कारणं कळली आणि त्यातले चार वाचले, तर कपामागची ३ मिनिटं वाचतात. दर उतरवण्याचा हा एकच मार्ग मला मान्य आहे, कारण तो वहीतून जातो.

आता कमिशन. संघाच्या दुकानाचे ४० टक्के तुला जाचतात, पण त्याआधी तुझं गणित चुकलं आहे. हातात ६० यायला हवेत म्हणून तू ६० वर ४० टक्के चढवून ८४ लावलेस. कमिशन ८४ वर कापलं जातं; ३३.६ गेले, हातात ५०.४ राहिले. ६० ला ०.६ ने भागायचं, दर १०० येतो. आणि तोच १०० तुझ्या गाळ्यावरही लागला पाहिजे. तिथे वरचे ४० फुकटचे नाहीत. तीन दिवसांचं प्रदर्शन, रोजचे ८ तास, मांडामांड आणि आवराआवर धरून ३० तास होतात. ३० कप विकलेस तर प्रत्येक कपामागे उभं राहण्याचा एक तास आहे! दुकानात १०० आणि गाळ्यावर ७० असं गिऱ्हाइकाला एकदा कळलं, की दुकानातला तुझा माल धूळ खात पडतो आणि संघ तो परत पाठवतो, हे योग्यच आहे.

संघात मला ताठर म्हणतात. म्हणोत. कान जोडायचा वेळ मी फार उशिरा मोजायला लागलो आणि त्याआधीच्या कामाचं मला काय मिळालं, हे सांगणारं एक पानही माझ्याजवळ नाही. ती खंत जात नाही, म्हणून हा हट्टही जात नाही.

शिवाय दर हा तुझा एकटीचा मामला नाही. इंग्लंडमध्ये १३०० सालच्या कायद्याने चांदीच्या वस्तू सोनार संघाच्या माणसांनी तपासून त्यावर बिबट्याच्या तोंडाचा शिक्का मारायचा, असं ठरलं. १४७८ पासून ही तपासणी लंडनमधल्या संघाच्या वास्तूत, म्हणजे ‘हॉल’मध्ये होऊ लागली आणि ‘हॉलमार्क’ शब्द त्यातूनच आला. करणाऱ्याखेरीज आणखी कुणीतरी वस्तू तपासली आहे, यासाठी गिऱ्हाईक जास्त मोजतो. संघाच्या पाटीखाली बसून तू दर पाडलास, तर शेजारच्यांचाही शिक्का पातळ होतो.

म्हणून संघाच्या निवड समितीवर रागावू नकोस. पाचातले दोन नग परत आले, कारण समितीतला माणूस कप आधी उलटा करतो. बूड खरखरीत असेल, तर वरचं ग्लेझ तो बघतच नाही. पाठवण्याआधी तूच तपास. कपात पाणी भरून रात्रभर कागदावर ठेव. सकाळी कागद ओला असेल तर कप गळतो. कोरडा कप तोल, काही तास पाण्यात उकळ, तसाच रात्रभर पाण्यात राहू दे, सकाळी पुसून पुन्हा तोल. वजन २ टक्क्यांच्या वर वाढलं तर माती पुरती पिकलेली नाही, भाजणी वाढव. ग्लेझवर लिंबाची फोड रात्रभर ठेव. रंग फिका पडला तर त्या ग्लेझचा कप पिण्यासाठी विकायचा नाही, कितीही सुंदर दिसो.

मांडणीचं थोडक्यात सांगते असं तू लिहिलंस, पण खरी चूक तिथेही होती. ७५ सेंटिमीटरच्या टेबलावर कप सपाट मांडले की उभ्या माणसाला फक्त तोंडं दिसतात. मागे फळ्या चढव, काही कप छातीच्या उंचीला आण. कान गिऱ्हाइकाच्या उजव्या हाताकडे वळव. हातात घेतलेला कप निम्मा विकलेला असतो. ४० एकदम मांडू नकोस, १२ ठेव आणि जागा रिकामी झाली की भर. चिठ्ठी प्रत्येक नगाला हवी. दर विचारावा लागला की अनेकजण न विचारताच पुढे जातात. कुणी घासाघीस केली तर कप कसा झाला ते दोन वाक्यांत सांग आणि गप्प राहा.

पहिला दिवस मंद गेला म्हणजे निकाल लागला, असंही नाही. अमेरिकेतल्या सदर्न हायलँड या कारागीर संघाची स्थापना १९३० ची. फ्रान्सेस गुडरिच यांनी आपलं अ‍ॅलनस्टँड हे दुकान १९३१ मध्ये संघाच्या हवाली केलं आणि संघाची पहिली मोठी जत्रा गॅटलिनबर्गला भरली ती १९४८ मध्ये. आधी वर्षभर चालणारं दुकान, जत्रा कितीतरी नंतर. तू तीन दिवसांच्या गर्दीवर सगळा दर टांगून बसलीस.

एवढं करूनही दर जड वाटला, तर चिठ्ठीला हात लावू नकोस, कप बदल. बिनकानाचा पेला कर. ८८५ मधली २०० मिनिटं तिथेच वाचली, कानाच्या चिरांत जाणारे नग वाचले आणि ३८ पेले विकायला मिळाले तर पेल्यामागे १८ मिनिटं. तो पेला स्वस्त असेल आणि तुला तोटाही नसेल, कारण त्याचा दर वहीतून आलेला असेल.

पुढच्या पत्रासोबत दरतक्ता नको, वहीची पानं पाठव. कान जोडायचा वेळ वेगळ्या रकान्यात लिही.