ट्विन टर्बोला बूस्ट कमी येतोय, दोन्ही टर्बो बदलावेच लागतील का?

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला जुनी बीएमडब्ल्यू झेड४ ३५आय घेतलीय, कसारा घाटात ओढत नाही, इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनरवर ३०एफएफ येतो आणि गॅरेजवाले म्हणतात की दोन्ही टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारे पंखे) गेले.

तूर्तास टर्बो मागवू नका. ३०एफएफ म्हणजे ‘पाहिजे तेवढं प्रेशर मिळत नाही’ एवढंच. ते का मिळत नाही, हे त्या कोडला माहीत नसतं. मी अंबडला टर्बोचंच काम करतो, बरंचसं डिझेलचं, पण तुमच्यासारख्या गाड्याही येतात. त्यातल्या बऱ्याच जणांचं काखेत कळसा नि गावाला वळसा असतं.

आधी प्रेशर खरोखर कमी आहे का ते बघा. तुमच्या एन५४ इंजिनाचा कंपनीचा बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा जास्तीचा दाब, मुळात फार नाही, साधारण ०.६ बार, म्हणजे ८-९ पीएसआय. आता नाशिकची गंमत. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहोत. मुंबईत हवेचा दाब १०१३ मिलिबारच्या आसपास असतो, इथे ९४० च्या घरात. मोबाइलवरची काही अ‍ॅप्स हवेच्या दाबाच्या सेन्सरच्या आकड्यातून सरसकट १०१३ वजा करून बूस्ट दाखवतात. अशा अ‍ॅपवर नाशिकमध्ये बसल्याबसल्या १ पीएसआय कमी दिसणार! म्हणून सकाळी इंजिन चालू न करता फक्त इग्निशन ऑन करून सेन्सरचा आकडा वाचा. ९४० च्या आगेमागे हवा. तिथेच गडबड असेल तर सेन्सर किंवा वायरिंग बघा, पुढचं सगळं नंतर.

मग लॉग काढा, म्हणजे गाडी चालताना सेन्सरचे आकडे लॅपटॉपवर नोंदवा. गाडी दुसऱ्याला चालवू द्या, लॅपटॉप तुम्ही धरा, आणि मोकळा रस्ता निवडा. घाटात हा उद्योग नको. तिसऱ्या गिअरला २००० पासून ५५०० आरपीएमपर्यंत एकदा पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर. मागितलेलं प्रेशर, मिळालेलं प्रेशर आणि वेस्टगेटची (टर्बोला वळसा घालून एक्झॉस्ट सोडणाऱ्या झडपेची) ड्यूटी, म्हणजे ती बंद ठेवायला संगणक किती जोर लावतोय, हे तीन आकडे पुरतात. संगणकाने मागितलंच कमी असेल तर टर्बोचा दोष नाही. मिसफायर, पेट्रोलचं प्रेशर, तापलेली हवा किंवा नॉकिंग (सिलिंडरमध्ये पेट्रोल अवेळी भडकणं) यांपैकी कशाने तरी त्याने हात आखडता घेतलाय. मागितलं भरपूर, ड्यूटी वर जाऊन टेकलीय आणि तरी मिळत नाही, असं असेल तर एक तर हवा कुठेतरी गळतेय किंवा वेस्टगेट बंद होत नाहीये.

गळती शोधायला पंक्चरवाल्याचीच पद्धत. दोन्ही टर्बोंची हवा आत घेणारी तोंडं बुच मारून बंद करायची, एका बुचाला टायरचा व्हॉल्व्ह बसवायचा, कॉम्प्रेसरने हळूहळू ८ पीएसआयपर्यंत हवा भरायची आणि सांध्यांवर शाम्पूचं पाणी मारायचं. थ्रॉटलच्या आधीचा प्लॅस्टिकचा पाइप, इंटरकूलरचे (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचे) दोन्हीकडचे सांधे, पाय काढल्यावर जास्तीची हवा सोडणारे डायव्हर्टर व्हॉल्व्ह. जिथे तेलकट डागावर धूळ चिकटून काळा थर बसलाय तिथे आधी बघा. ऑइल फिलरकडून थोडी फुसफुस येईल, ती क्रँककेसमधून येते, तिच्या मागे लागू नका. आणि पाइपच्या समोर तोंड धरून बसू नका, सुटला तर लागतो.

८ का म्हणतोय ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका ट्विन टर्बो गाडीवर मी भीतभीत ४ पीएसआयवरच टेस्ट केली. एक बुडबुडा आला नाही. मी छातीठोकपणे सांगितलं, टर्बो गेले. माल आला, जुने टर्बो उतरवले तर शाफ्ट ठणठणीत, पंखे नवे वाटावेत असे. परत बसवून ८ वर टेस्ट केली तेव्हा इंटरकूलरचा रबरी होज क्लिपमधून हळूच सरकला आणि सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला. कमी दाबाला तो इमानदार होता. नव्या मालाचं जाण्यायेण्याचं भाडं आणि तीन दिवसांची मजुरी माझ्या खिशातून गेली.

गळती नसेल तर वेस्टगेटचा व्हॅक्यूम तपासा. इथेच भलेभले चुकतात. जुन्या जपानी टर्बो गाड्यांमध्ये वेस्टगेट स्प्रिंगने बंद राहतं आणि प्रेशरने उघडतं, म्हणून बारीक पाइप निसटला तर बूस्ट वाढतो. एन५४ मध्ये उलटं: वेस्टगेट व्हॅक्यूमने ओढून बंद ठेवलेलं असतं. व्हॅक्यूम गेला की झडप उघडी, एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या व्हीजीटी (पात्यांचा कोन बदलणाऱ्या) टर्बोच्या डिझेल गाड्या ज्याने केल्यात, त्याला हे लगेच समजेल. हँड पंपाने वेस्टगेटचा रॉड ओढणारा एकेक अ‍ॅक्च्युएटर ओढून बघा. रॉड सरकला पाहिजे आणि मिनिटभर तिथेच टिकला पाहिजे. उष्णतेने कडक झालेले रबरी पाइप, सोलेनॉइड (विजेवर चालणारे छोटे व्हॉल्व्ह), व्हॅक्यूमचे डबे, सगळं याच ओळीत तपासा. मीटरवर मुंबईपेक्षा २ इंच व्हॅक्यूम कमी दिसला तर घाबरू नका, तोही उंचीचाच हिशेब.

दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासायच्याच. पुढच्या तीन सिलिंडरवर एक टर्बो, मागच्या तीनवर दुसरा, पण हवा एकाच पाइपात येते आणि सेन्सर त्या एकत्र झालेल्या हवेचा दाब मोजतो. एक बैल बसला तरी गाडीच थांबते, कुठला बसला ते सेन्सर सांगत नाही.

टर्बो बदलायची वेळही येते, नाही असं नाही. थंड इंजिनाला किंवा पाय काढल्यावर डब्यात नाणी खुळखुळल्यासारखा आवाज येत असेल, तर वेस्टगेटच्या झडपेचं बुश झिजलंय, आणि मग ती पूर्ण बंद होत नाही. शाफ्ट आडवा किंचित हलला तर चालतं, तेलाच्या थरासाठी तेवढी जागा लागतेच. पण पुढे-मागे हातालाही जाणवण्याइतका हलला किंवा पंखा घासल्याच्या खुणा असतील तर गॅरेजवाल्यांचं ऐका.

त्यांना एकच विचारा: टर्बो गेले हे कोड बघून सांगितलं की काही उघडून बघितलं? लॉग मिळाला तर इथेच टाका, वेस्टगेटची ड्यूटी बघून कुठून सुरुवात करायची ते सांगतो.