‘एकल माता’, ‘एकटी आई’ की नुसतेच ‘आई’?

प्रश्न असा आहे : दिग्दर्शक मिकिओ नारुसे यांच्या १९५२ सालच्या ‘ओकासान’ (म्हणजे ‘आई’) या जपानी चित्रपटाविषयी लिहिताना त्यातील नायिकेला ‘एकल माता’ म्हणावे की ‘एकटी आई’, आणि शीर्षकाचे मराठी रूप ‘माता’ असे करावे का?

‘एकल’ हा शब्द चुकीचा नाही. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटिता, अविवाहिता या सर्वजणींना एकाच शब्दात सामावून घेता येते, म्हणून तो शासकीय योजनांत आणि चळवळींत रुळला. येथे मात्र ती सोयच अडचणीची ठरते. किनुयो तानाका यांनी साकारलेली मासाको चित्रपटाच्या आरंभी सधवा आहे. आधी थोरला मुलगा जातो, मग पती, आणि युद्धोत्तर तोक्योत नुकतेच कुठे पुन्हा उभे राहिलेले कपडे धुण्याचे दुकान तिच्यावर येऊन पडते. तिला पहिल्याच वाक्यात ‘एकल माता’ म्हटले, तर अर्धे कथानक विशेषणातच उरकते. ‘एकटी आई’ तर सपशेल चूक, कारण मराठीत ‘एकटी’ म्हणजे सोबतीला कोणी नसलेली, आणि मासाकोच्या घरात दोन मुली आहेत, बहिणीचा लहानगा आहे, इस्त्रीचे काम शिकवायला आलेला स्नेहीही आहे.

पतीच्या मृत्यूनंतरच्या भागासाठी ‘विधवा’ हाच शब्द मला नेमका वाटतो. जपानी ‘मिबोजिन’चा अक्षरार्थ ‘अद्याप न मेलेली व्यक्ती’ असा आहे. त्यापुढे आपली ‘वि + धव’ (पतीविना) ही पारंपरिक फोड बरीच सौम्य म्हणायची.

शीर्षकाचा मुद्दा अधिक नाजूक आहे. परक्यांशी औपचारिकपणे बोलताना जपानी माणूस स्वतःच्या आईचा उल्लेख ‘हाहा’ असा करतो, तर घरात ‘ओकासान’ अशी हाक मारतो. म्हणजे हे शीर्षक मुळात हाक आहे, आणि थोरली मुलगी तोशिको हिच्या निवेदनातून सांगितलेल्या चित्रपटाला ते शोभते. ‘माता’ अशी हाक मराठी घरात कोणी मारत नाही. ‘ओ’ आणि ‘सान’ आदरार्थी आहेत म्हणून ‘आईसाहेब’ करावे, तर धोब्याच्या दुकानात ऐतिहासिक मालिका शिरते. आपल्याकडे आईविषयीचा आदर एकेरीतच मुरलेला असतो, म्हणून शीर्षक ‘आई’च हवे, आणि अखेरच्या निवेदनात तोशिको आईला ती सुखी आहे का असे विचारते, तेथेही ‘तुम्ही सुखी आहात का?’ असे न लिहिता ‘आई, तू सुखी आहेस ना?’ असेच लिहावे.